दोघांत एकच लॅपटॉप दे

अगं, तुझा मेसेज वाचला. मे महिन्यात दादरला मुलांसाठी कोडिंगचा कॅम्प घेतेयस हे फार छान, पण प्रत्येकाला वेगळा लॅपटॉप हवा म्हणून जी धावपळ चाललीय ना, ती थांबव. मिळाले तरी दोघांत एकच दे.

आम्ही शाळेत असताना सुट्टीतल्या कॅम्पला स्पेक्ट्रम नावाचा छोटा कॉम्प्युटर असायचा, 1982 साली इंग्लंडात आलेलं मशीन, मेमरी सगळी मिळून 48 केबी, तुझ्या मोबाईलवरचा एक फोटोही त्यात मावायचा नाही. स्क्रीन म्हणजे साधा टीव्ही आणि प्रोग्रॅम कॅसेटवर, मोठा गेम लोड व्हायला चार-पाच मिनिटं लागायची आणि टेपरेकॉर्डरचा आवाज कमीजास्त झाला की परत पहिल्यापासून. मशीनं कमी, पोरं जास्त, म्हणून नंबर येईपर्यंत प्रोग्रॅम वहीत लिहायचा, बाजूला व्हेरिएबलचा, म्हणजे बदलत जाणाऱ्या किमतीच्या नावाचा, रकाना आखायचा, लूप, म्हणजे परत परत चालणाऱ्या ओळी, फिरेल तशी किंमत लिहीत जायची आणि स्क्रीनवर काय येणार ते आधी सरांना सांगायचं, मगच रन. मी लूप शिकले ती त्या वहीत, मशीनवर नाही.

आणि ओळ चुकली की स्पेक्ट्रम ती घ्यायचाच नाही, एक प्रश्नचिन्ह लुकलुकत बसायचं, काय चुकलं ते सांगायचा नाही. मग एका मशीनवर बसलेल्या आम्ही दोघी वाद घालायचो, कंस राहिला की अवतरणचिन्ह, आणि वाद घालता घालता कळायचं. आज मुलं एरर कॉपी करून एआयला विचारतात, उत्तर येतं पण डोक्यात काही राहत नाही, म्हणून निदान पहिला आठवडा ते बंदच ठेव.

स्पेक्ट्रमवरच्या बेसिक या भाषेत ओळींना 10, 20, 30 नंबर द्यायचे, मध्ये 15 घालता यावी म्हणून, असल्या जुन्या गोष्टी मात्र शिकवू नकोस, आजच्या पायथन भाषेला त्याची गरज नाही.

गणितात कच्ची मुलं आली तर जरूर घे हं. केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी 1964 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक तयार केली तीच मुळी सायन्स न घेतलेल्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून.

कीबोर्ड दर पंधरा मिनिटांनी बदलायला लाव, नाहीतर एकच पोरगं टाईप करत बसतं. पालक कुरकुर करतील, एवढी फी भरून अर्धाच लॅपटॉप का म्हणतील, त्यांना पहिल्याच दिवशी बोलावून हे सगळं सांग, हवं तर मी येते. आणि वह्या चौकटीच्या घे, रकाने आखायला बऱ्या पडतात.