वाचकांचे प्रश्न : पंक संगीत आणि एका आत्मचरित्राचा उत्तरार्ध

प्रश्न : ब्रिटनमधील पंक या १९७० च्या दशकातल्या बंडखोर रॉक संगीताविषयी कुतूहल असल्यामुळे ‘द स्लिट्स’ या मुलींच्या बँडच्या गिटारवादक व्हिव्ह ॲल्बर्टीन यांचे आत्मचरित्र मी वाचायला घेतले. पूर्वार्ध झपाट्याने वाचून झाला. परंतु बँड फुटल्यानंतर पुस्तक विवाह आणि आजारपण यांकडे वळते, तेथे मी थांबलो आहे. पंकचा इतिहास समजून घेण्यासाठी उत्तरार्ध वाचायलाच हवा का? शिवाय, सुरुवातीला या मुलींना धड वाजवता येत नव्हते, असे लेखिका स्वतःच सांगतात. मग त्यांच्या संगीताला एवढे महत्त्व का दिले जाते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

१९७६ साली लंडनमध्ये एखाद्या तरुणाला गिटार वाजवता येत नसेल, तर शिकण्यापूर्वीच बँड काढण्याचे धाडस त्याला ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडने दिले होते. पण तरुणीसमोर अडचण आणखी वेगळी होती. रॉक संगीतात स्त्री गायिका म्हणून दिसे. हातात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी राहिलेली स्त्री क्वचितच दिसे, आणि त्यामुळे ‘मीही हे करू शकते’ असा विचार मनात येण्याचीच सोय नव्हती. ॲल्बर्टीन यांनी आजीकडून वारशाने मिळालेल्या २०० पौंडांतून लेस पॉल ज्युनियर गिटार घेतली, ती या पार्श्वभूमीवर. ‘क्लॅश’ या दुसऱ्या पंक बँडचे मिक जोन्स तेव्हा त्यांचे मित्र होते आणि त्याच बँडमधून बाहेर पडलेले कीथ लेव्हीन यांनी त्यांना गिटार शिकवली. पुढे ‘सेक्स पिस्टल्स’मध्ये जाऊन प्रसिद्ध झालेल्या आणि तरुणपणीच वारलेल्या सिड व्हिशस यांच्याबरोबर काढलेल्या ‘फ्लॉवर्स ऑफ रोमान्स’ या बँडचा एकही जाहीर कार्यक्रम झाला नाही. हे अपयश त्या लपवत नाहीत. गिटार हातात आली म्हणजे संगीत आले नाही, आणि मधल्या काळातली लाज, चिकाटी व गोंधळ हाच या आत्मचरित्राचा खरा विषय आहे, असे माझे मत आहे.

‘वाजवता येत नव्हते’ हे वर्णन काही काळापुरतेच खरे आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. १९७७ च्या मे महिन्यात ‘क्लॅश’च्या व्हाइट रायट दौऱ्यात ‘स्लिट्स’ मंचावर आल्या, तेव्हा गायिका आरी अप अवघ्या १५ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीबीसीवरील जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी त्यांनी केलेले ध्वनिमुद्रण ऐकावे : सगळे कसे धडधडत, एकमेकांना ढकलत पुढे जाते. त्यानंतर १९७९ चा ‘कट’ हा अल्बम ऐकावा. दोन वर्षांत केवढा पल्ला गाठला आहे! ढोलवादक पामोलिव्ह तोपर्यंत बाहेर पडल्या होत्या आणि त्यांच्या जागी बजी हे वादक आले होते. निर्माते डेनिस बोव्हेल रेगे या मूळच्या जमैकातील संगीतातले जाणकार असल्यामुळे त्यांनी सुरांच्या मधल्या रिकाम्या जागांना मोल दिले. ‘न्यूटाउन’ या गाण्यात तर खाली पडणारा चमचा आणि काडेपेटी यांचे आवाज तालाचा भाग होऊन येतात. पंक आणि रेगे यांचे हे नाते वरवरचे नव्हते. पंकच्या तबकड्या अद्याप फारशा निघालेल्या नव्हत्या, म्हणून कॉव्हेंट गार्डनमधील रॉक्सी या पंक क्लबमध्ये तिथले डीजे डॉन लेट्स दोन बँडच्या मधल्या वेळात रेगेच वाजवत असत, आणि समोरची गर्दी ते कानात साठवत असे.

आता उत्तरार्धाविषयी. ‘क्लोद्स, क्लोद्स, क्लोद्स. म्यूझिक, म्यूझिक, म्यूझिक. बॉइज, बॉइज, बॉइज.’ हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे नाव म्हणजे आईने लेकीविषयी केलेली तक्रार : कपडे, संगीत आणि मुलगे यांपलीकडे तुला काही सुचतच नाही! पुस्तकाचे दोन भाग लेखिकेने तबकडीच्या दोन बाजूंप्रमाणे केले आहेत, त्यामुळे उत्तरार्धाला पुरवणी समजणे त्यांच्या रचनेशी विसंगत ठरेल. पंकने या मुलींना जे स्वातंत्र्य दिले ते बँड संपल्यावर टिकले का, हा प्रश्न पहिल्या भागात विचारताच येत नाही. ॲल्बर्टीन अनेक वर्षे गिटारपासून दूर राहिल्या. मूल व्हावे म्हणून घेतलेले उपचार, मुलीच्या जन्मानंतर लवकरच झालेला कर्करोग, समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज गावातला संसार हे सारे त्या पूर्वार्धाइतक्याच निर्भीडपणे सांगतात. पन्नाशीनंतर त्यांनी गिटार पुन्हा जवळजवळ आरंभापासून शिकायला घेतली, पबमधल्या खुल्या मंचावर अनोळखी लोकांसमोर एकट्याने वाजवले, आणि २०१२ मध्ये ‘द व्हर्मिलियन बॉर्डर’ हा अल्बम काढला. मला स्वतःला हा भाग व्हाइट रायट दौऱ्याच्या वर्णनापेक्षाही धीट वाटतो, कारण १९७७ साली सोबतीला आणखी तिघीजणी होत्या.

एक सूचना करावीशी वाटते. लेखिका वर्तमानकाळात लिहितात. त्यामुळे सिड व्हिशस प्रसिद्ध होण्याआधीचे, अवघडलेले तरुण म्हणून भेटतात आणि पुढे काय होणार याची सावली त्यांच्यावर पडत नाही. हे पुस्तकाचे मोठे बळ आहे, पण तारखांच्या नोंदीसाठी ते वापरू नये. आपला उत्साह ओसरला असल्यास हेस्टिंग्जमधली, गिटार पुन्हा हाती घेतल्याची प्रकरणे आधी वाचावीत आणि मग सोडलेल्या पानांकडे वळावे.