एक्सोपॉलिसॅकराइडवर प्रोजेक्ट? आधी डेक्स्ट्रान करून बघ

एक्सोपॉलिसॅकराइड, म्हणजे जिवाणू पेशीबाहेर सोडतात त्या साखरेच्या लांब साखळ्या, हा प्रोजेक्टचा विषय छान निवडलास. पण मातीतून नवा जिवाणू शोधायच्या भानगडीत लगेच पडू नकोस. आधी ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा ओळखीचा जिवाणू घे. उसाचा शिळा रस बुळबुळीत होतो तो बहुतेक याच्याच डेक्स्ट्रानमुळे, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांमुळे. १० टक्के सुक्रोज, २५ ते ३० अंश सेल्सिअस, एक-दोन दिवसांत माध्यम चिकट होतं. सुक्रोजच हवं बरं का. नुसत्या ग्लुकोजवर जिवाणू मजेत वाढेल, पण डेक्स्ट्रान मिळणार नाही, कारण ते बनवणारं एन्झाइम सुक्रोज तोडूनच साखळी जोडतं.

खरी फसगत पुढे होते. डेक्स्ट्रान वेगळं करायला थंड इथेनॉल घातलं की पांढरा गोळा मिळतो आणि त्याचंच वजन 'उत्पादन' म्हणून लिहून सगळे मोकळे होतात. त्यात प्रथिनं, क्षार, यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधली पॉलिसॅकराइडं, काय वाटेल ते असतं. म्हणून:

- जिवाणू न घातलेल्या माध्यमावरही हेच सगळं कर. हे कुणी करत नाही!
- गोळा विरघळवून डायलिसिस कर, म्हणजे पातळ पडद्यातून छोटे रेणू निघून जातील. नाहीतर एकूण साखर मोजणारी फिनॉल-सल्फ्युरिक चाचणी उरलेलं सुक्रोजही मोजते.
- माध्यम दाट असेल तर पातळ करून सेंट्रिफ्यूज कर, नाहीतर पेशी खाली बसत नाहीत.

एनएमआर (रेणूची रचना तपासणं), रेणुभार वगैरे सध्या राहू दे. तीन वेगळ्या फ्लास्कचे आकडे जुळले की मग बोलू.