कारण शेजारच्या खुर्चीवर बसलंय

ताई,
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून ब्यूनस आयर्सला आलो. मला टँगोचा संगीतकार पियाझोला वेड्यासारखा आवडतो, त्या ओढीने टँगो शिकले. पण मिलोंगाला, म्हणजे टँगो नाचायला जमतात तिथे, जावं तर रात्रभर १९४०च्या आसपासचीच गाणी. एकदा एका गृहस्थांबरोबर एक गाणं झालं, मी सवयीने ‘ग्रासियास’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हटलं, तर ते मला खुर्चीपर्यंत सोडून निघूनच गेले. डीजेला पियाझोला लावायला सांगितलं, तर तो नुसता हसला. तेव्हापासून मला धीर म्हणून नवरा येऊन शेजारी बसतो. तो नाचत नाही. आणि आता मला कुणी विचारतच नाही. मी परकी म्हणून का?
– खुर्चीवरची पुणेकरीण

अगं, त्या गृहस्थांना निरोप तूच दिलास! तिथे गाणी तांद्याने, म्हणजे संचाने, लागतात. टँगोची बहुधा चार, वॉल्ट्झची तीन, आणि सगळी एकाच वाद्यवृंदाची. तांदा संपेपर्यंत जोडी सुटत नाही. मध्येच ‘ग्रासियास’ म्हटलं की ‘पुरे आता’ असाच त्याचा अर्थ घेतात. पंगतीतून वरणभातावरच उठावं तसं झालं ते. गृहस्थ सभ्य, रीतीप्रमाणे जागेवर पोचवून गेले. बघणाऱ्यांनी मात्र नोंद घेतली असणार, कारण बसलेल्यांना तिथे दुसरं कामच नसतं.

आता पियाझोला. तो स्वतः १९३९ ते १९४४ त्रोइलोच्या वाद्यवृंदात बँडोनियन (भात्याचं, अ‍ॅकॉर्डियनसारखं वाद्य) वाजवायचा, तेही नाचणाऱ्यांसाठीच. पण १९५५ला पॅरिसहून परतल्यावर त्याने जे केलं, ते मुख्यतः बसून ऐकायचं. ठेका कुठे वळेल याचा नेम नाही. अनोळखी माणसाच्या मिठीत, मागेपुढे जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने सरकत असताना त्यावर नाचायचं, तर टाच कुणाच्या तरी पायावर पडणारच. डीजे हसला यावर समाधान मान.

म्हणून आवडनिवड गुंडाळून ठेव असं मी म्हणत नाही. तिथली रीत तुझ्या आवडीच्या सोयीचीच आहे, फक्त आवड नजरेने सांगायची. दोन तांद्यांच्या मध्ये थोडा वेळ भलतंच काहीतरी वाजतं, सगळे आपापल्या जागेवर परततात. मग नव्या तांद्याचं पहिलं गाणं लागतं. जाणती मंडळी आधी कोणाचा वाद्यवृंद आहे ते ऐकतात आणि मगच इकडेतिकडे बघायला लागतात. दारिएंसोचा तो तडतडीत ठेका नकोय? खुशाल पाणी पी, पर्समध्ये काहीतरी शोध, कुणाकडे बघू नकोस. कुणाचा अपमान होत नाही, कुणाला नाही म्हणावं लागत नाही. पुग्लिएसे लागला तर मात्र मान वर कर. त्याचं १९४६चं ‘ला युम्बा’ घरी नीट ऐक. ती ओढ, तो मध्येच रोखलेला ठोका. तुझ्यासारखीला ते आवडलं नाही तर मला नवल वाटेल. १९८९मध्ये पियाझोला आणि पुग्लिएसे यांनी अ‍ॅमस्टरडॅमला एकाच मंचावर वाजवलंही होतं, म्हणजे तुझ्या पियाझोलालाही ते परके नव्हते.

ज्याच्याबरोबर नाचावंसं वाटेल त्याच्याकडे सरळ बघ. नजर भिडली, त्याने मान हलवली, की तूही हलव. पण लगेच उठू नकोस हं. तो अगदी समोर येऊन उभा राहीपर्यंत बसून राहा. खूण तुझ्या मागच्या खुर्चीवरच्या बाईला असली तर केवढी पंचाईत! आणि ‘ग्रासियास’ तांदा संपल्यावर.

राहता राहिला तुझा मुख्य प्रश्न. जुन्या वळणाच्या मिलोंगात जोडीने बसलेल्या बाईला परका पुरुष सहसा खुणावत नाही. ती आपल्या माणसाबरोबरच नाचायला आलीय असं धरून चालतात. तू देश नि रंग तपासत बसलीस, आणि कारण शेजारच्या खुर्चीवर बसून तुला धीर देतंय. हेतू चांगला आहे बिचाऱ्याचा, म्हणून रागावू नकोस. सांग त्याला, बारपाशी बस, नाहीतर घरी थांब. कुरकुरलाच तर त्यालाही शिकायला घाल. शेवटचं गाणं बहुतेक ठिकाणी ‘ला कुम्पार्सिता’ असतं आणि ते पुष्कळजण आपल्या जोडीदारासाठी राखून ठेवतात. तेवढं एक जमलं तरी त्याचं भागेल.