अतानुकन आणि तिपाचिमुन: दोन्हींना ‘दंतकथा’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: कॅनडातल्या इन्नू लोकांच्या साहित्यावर मराठीत लिहिताना ‘अतानुकन’ आणि ‘तिपाचिमुन’ या दोन्ही कथाप्रकारांना ‘दंतकथा’ किंवा ‘लोककथा’ म्हटलं तर चालेल का? आणि आपल्या मुलखासाठी ते वापरतात त्या ‘नितास्सिनान’ या शब्दाला ‘मातृभूमी’ म्हणता येईल का?

माझ्या मते तिन्ही शब्द टाळावेत. एकाच मराठी शब्दात दोन्ही प्रकार कोंबले, तर इन्नूंनी स्वतः जो भेद जपला आहे तोच पुसला जातो.

आधी थोडी ओळख. इन्नू हे क्वेबेकच्या पूर्व भागातले आणि लॅब्राडोरमधले मूळ रहिवासी. फ्रेंच त्यांना ‘मोंतान्ये’ म्हणजे डोंगरातले लोक म्हणत. ‘इन्नू’चा अर्थ नुसता ‘माणूस’. ध्रुवप्रदेशातल्या इनुइट लोकांशी त्यांची गल्लत फार होते, पण दोन्ही भाषांची कुळं वेगळी आहेत. इन्नूंची भाषा इन्नू-आइमुन ही अल्गाँकियन कुळातली, कॅनडातल्याच क्री या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या जवळची. ती रोमन लिपीत लिहितात आणि ‘च’च्या उच्चारासाठी तीन अक्षरं जोडतात. त्यामुळे मराठीत ‘तिपात्शिमुन’ लिहू नये, ‘तिपाचिमुन’ लिहावं.

अतानुकन ही जगाच्या घडणीच्या काळातली कथा. त्या काळात माणूस आणि जनावर यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती, ते एकमेकांशी बोलत. यात क्वेक्वाचेउ येतो, म्हणजे वूल्व्हरिन, पाणमांजराच्या कुळातलं एक दांडगं, खादाड जनावर. तो लबाड आहे, पुन्हा पुन्हा फजीत होतो, पण त्याच्या उचापतींतूनच जगाला आजचं रूप येतं. यातच चाकापेशही आहे. आईबाप गमावलेला हा ठेंगणा वीर सूर्याच्या वाटेवर फासा लावतो. सूर्य अडकतो, अंधार पडतो, आणि शेवटी उंदीर फासा कुरतडून त्याला सोडवतो. पॉल ल जून नावाच्या जेसुइट पाद्र्याने 1633–34 चा हिवाळा या लोकांबरोबर रानात काढला होता. त्याच्या 1637 च्या वृत्तांतात ही कथा नोंदलेली आहे. विसाव्या शतकात इन्नू वृद्धांकडून ध्वनिमुद्रित केलेल्या कथांतही चाकापेश भेटतो. मध्ये तीन शतकं गेली, शिकारीची रानं हातची गेली, मुलं वसतिशाळांत नेली गेली, तरी कथा टिकली. आज क्वेबेकमधल्या इन्नूंची भाषा आणि शिक्षण सांभाळणारी संस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते: इन्स्तित्यू चाकापेश.

तिपाचिमुनचा मामला वेगळा. ‘तिपाचिमु’ म्हणजे तो सांगतो, घडलेलं कळवतो. त्यावरून आलेल्या या नामात आजची बातमीही येते, आजोबांच्या शिकारीचा किस्साही येतो आणि चारशे वर्षांपूर्वीची घटनाही येते. अट एकच: ती कोणीतरी पाहिलेली, अनुभवलेली असायला हवी आणि तिथून माणसामाणसांतून सांगणाऱ्यापर्यंत आलेली असायला हवी. सांगणारा अमक्याने मला सांगितलं, त्याला त्याच्या बापाने सांगितलं, असा धागा देतो. अतानुकनला असा धागा लागत नाही, कारण ती कोणा एकाच्या आठवणीतली नसते. म्हणून पहिली खोटी आणि दुसरी खरी अशी वाटणी मात्र करू नये. ऐकणाऱ्यांच्या लेखी दोन्ही खऱ्या आहेत. फरक आहे तो माहिती कुठून आली याचा.

आता मराठी शब्दांकडे वळू. ‘दंतकथा’ म्हटलं की आपल्या कानाला ‘पुरावा नाही, लोक म्हणतात इतकंच’ असं ऐकू येतं. वर्तमानपत्रात ‘ही निव्वळ दंतकथा आहे’ हे वाक्य कशासाठी येतं ते आठवून पाहा. तिपाचिमुनवर हा शब्द लावणं म्हणजे साक्षीदाराला साक्ष देण्याआधीच खोटं ठरवणं. ‘लोककथा’ त्या मानाने सौम्य, पण आपल्याकडे ‘लोक’ हा शब्द पंडिती आणि नागर साहित्याच्या समोर उभा राहून अर्थ मिळवतो. जात्यावरची ओवी एका बाजूला, पंतकाव्य दुसऱ्या. इन्नूंमध्ये ही विभागणीच नव्हती. ‘मिथक’ अभ्यासकांना पुरेल, सर्वसाधारण वाचकाला त्यात ‘मिथ्या’ ऐकू येतं. ‘पुराणकथा’ आपल्या अठरा पुराणांशी इतकी बांधलेली आहे की क्वेक्वाचेउ तिथे उपरा वाटेल.

माझी सूचना: अतानुकनसाठी ‘आदिकथा’ आणि तिपाचिमुनसाठी ‘हकीकत’. हकीकत हा शब्द अरबीतून आला, त्याच्या मुळाशी सत्य आहे, आणि मराठीत तो घडलेल्या गोष्टीच्या सविस्तर सांगण्यासाठी मुरलेला आहे. कालची हकीकतही असते, पानिपतचीही असते. बातमी आणि इतिहास एकाच शब्दात मावण्याची जी सोय तिपाचिमुनमध्ये आहे, ती मला मराठीत दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडत नाही. (‘बखर’ हा ‘खबर’चा उलटापालट झालेला अवतार आहे असं बरेच अभ्यासक मानतात, पण आज बखर म्हटलं की लिखित कागदच डोळ्यांसमोर येतो.) आपल्या जुन्या दप्तरांत ‘करीना’ नावाचा प्रकार आहे, जेधे करीना त्यातला प्रसिद्ध. घराण्याने आपल्या वतनाची, हक्काची, पूर्वजांनी काय केलं याची सांगितलेली हकीकत. तिपाचिमुनचं वजन मराठी वाचकाला समजावताना मी याच करीन्याकडे बोट दाखवेन.

ते वजन किती आहे ते एका हकीकतीवरून कळेल. आजचं क्वेबेक शहर जिथे आहे त्या जागेला इन्नू उएपिश्तिक्वेयाउ म्हणतात. नदी तिथे अरुंद होते. सेंट लॉरेन्सच्या उत्तर काठावरच्या वृद्धांनी सांगितलेली हकीकत अशी: फ्रेंच आले, त्यांनी तिथे राहायची आणि गहू पेरायची परवानगी मागितली, बदल्यात उपासमारीच्या दिवसांत पीठ देऊ असा शब्द दिला. इन्नूंनी होकार दिला. मग फ्रेंच वाढत गेले आणि इन्नूंनाच तिथून हलावं लागलं. पाठ्यपुस्तकं सांगतात की 1608 मध्ये शाँप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने क्वेबेकची स्थापना केली. हकीकत सांगते की तिथे एक करार झाला होता आणि तो एका बाजूने मोडला. हिला दंतकथा म्हटलं तर तो करारच वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल.

आन आंतान कापेश (1926–2004) या लेखिकेचं काम मला याच परंपरेतलं वाटतं. शेफरव्हिलजवळच्या मातिमेकोश वस्तीच्या त्या 1960 च्या दशकात प्रमुख होत्या. 1976 मध्ये त्यांचं आत्मकथनपर पुस्तक इन्नू आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत समोरासमोर छापून आलं. उत्तरेतलं लोहखनिज कोणी शोधलं याचं श्रेय गोऱ्यांच्या इतिहासात एका मिशनऱ्याकडे जातं. कापेश तिथे आपल्या लोकांची हकीकत ठेवतात आणि त्या इन्नू माणसाचं नाव घेतात: चिशेनिश प्येन. पुस्तक छापील आहे, पण पुरावा मांडायची रीत तिपाचिमुनची आहे. म्हणून ‘मौखिक परंपरा संपली आणि लिखित साहित्य सुरू झालं’ असं वाक्य कृपया लिहू नका. शिवाय इन्नू भाषेतलं प्रार्थनापुस्तक क्वेबेकमध्ये 1767 सालीच छापलं गेलं होतं. लिहिणं-वाचणं तिथे काल आलेलं नाही.

जोसेफिन बाकों यांचंही तसंच. 1947 साली पेसामित या इन्नू वस्तीत जन्मलेल्या या कवयित्रीने आधी अनेक वर्षं मानववंशशास्त्रज्ञांसाठी वृद्धांच्या कथा ऐकल्या, उतरवल्या, अनुवादल्या. पहिला कवितासंग्रह आला 2009 मध्ये, साठी उलटल्यावर. त्याचं नाव आहे त्या काठ्यांवरून ज्या रानात वाटेवर रोवून मागून येणाऱ्यांना निरोप ठेवला जाई: आम्ही कुठे गेलो, अन्न मिळालं का, उपासमार आहे का. या काठ्यांना ‘निरोपाच्या काठ्या’ म्हणावं. ‘संदेशदंड’ वगैरे घडवू नये.

आता नितास्सिनान. शब्द फोडला तर मधे ‘अस्सि’ म्हणजे जमीन, मुलूख. ‘नितास्सि’ म्हणजे माझा मुलूख आणि ‘नितास्सिनान’ म्हणजे आमचा मुलूख. यात आई कुठेच नाही, त्यामुळे ‘मातृभूमी’ ही आपण पदरची घातलेली भर ठरेल. पण खरी गंमत सर्वनामात आहे, आणि ती इंग्रजी किंवा फ्रेंच अनुवादकाच्या हाती लागत नाही. इन्नू-आइमुनमध्ये आपल्या मराठीसारखाच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर शब्दाची सुरुवात ‘चि’ने होते, वगळून बोलायचं तर ‘नि’ने. नितास्सिनान ‘नि’ने सुरू होतो. सरकारपुढे, खाणकंपनीपुढे, धरण बांधणाऱ्यांपुढे हा शब्द उच्चारला जातो तेव्हा समोरचा त्या ‘आमच्या’त मोजलेला नसतो. त्यामुळे मराठीत ‘आपली भूमी’ लिहिलं तर अर्थ अगदी उलटा होईल. ‘आमचा मुलूख’ असंच लिहा. कापेश यांच्या 1979 च्या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातही हाच शब्द एकवचनी रूपात आहे, आणि तिथला प्रश्न एकाच व्यक्तीला केलेला आहे. तेव्हा तिथेही ‘तुम्ही’ नको: ‘माझ्या मुलखाचं तू काय केलंस?’