बँकार्ट रिपेअरनंतर (खांदा निखळून सुटलेली सांध्याची कड परत बसवण्याचं ऑपरेशन) तीन आठवड्यांतच दुखणं थांबलं, आता स्लिंग काढून हात वापरला तर चालेल का?

नाही, इतक्यात नको. दुखणं थांबलं म्हणजे सूज उतरली, एवढंच. लॅब्रम, म्हणजे तीच कड, हाडाला चिकटला असा त्याचा अर्थ होत नाही.

खांद्याची खोबण उथळ असते आणि तिच्या काठाभोवतीची चिवट कड म्हणजे लॅब्रम. खांदा पुढे निखळला की ही कड पुढून-खालून सुटते. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना हाडाचा काठ खरवडून थोडं रक्त येऊ देतात आणि अँकर, म्हणजे धागा जोडलेल्या छोट्या खुंट्या, हाडात ठोकून (बहुधा तीन किंवा जास्त) त्यांच्या धाग्यांनी कड जागेवर आवळतात. अँकर नुसता धरून ठेवतो, सांधण्याचं काम शरीराला करावं लागतं. लॅब्रमला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्याला बाराएक आठवडे लागतात. मधेच हिसका बसला तर बहुतेक वेळा अँकर शाबूत राहतो, धागाच लॅब्रमला चिरत सुटतो.

सगळ्यात जपायची हालचाल म्हणजे हात बाजूला उचलून पंजा मागे नेणं, चेंडू फेकायच्या आधी नेतो तसा. शर्ट घालताना किंवा मागच्या सीटवरची बॅग ओढताना हे नकळत घडतं. म्हणून बाही आधी ऑपरेशनच्या हातात चढवा, काढताना ती शेवटी काढा. काख धुवायची तर कमरेत वाकून हात सैल लोंबकळू द्या. झोपताना पाठ उंचावून घ्या आणि कोपराखाली उशी ठेवा. कोपर शरीराच्या मागे पडलं की खांदा पुढे ढकलला जातो. रात्रीच्या ठणक्याचं कारण पुष्कळदा तेच असतं.

स्लिंग साधारण चार ते सहा आठवडे. बोटं, मनगट, कोपर मात्र आजपासूनच दिवसातून चार-पाच वेळा हलवा. (लॅब्रमच्या वरच्या भागाची फाट, म्हणजे स्लॅप, शिवली असेल तर कोपर वाकवून वजन उचलणं वर्ज्य, बायसेप्सचा कंडरा तिथेच जोडलेला असतो.) कोपर अंगालगत ठेवून हात बाहेर फिरवायचा तर पहिले सहा आठवडे साधारण ३० अंशांपर्यंतच, तेही फिजिओथेरपिस्टच्या मदतीने. त्यानंतर स्वतःच्या ताकदीने हालचाल आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास रबर बँडचे व्यायाम. धक्काबुक्कीचे खेळ सहा महिन्यांआधी नाहीत. बेंच प्रेस आणि डिप्सची घाई तर अजिबात नको. तुमच्या सर्जनने वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळा, तुमचं हाड किती झिजलंय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

उलट टोकही वाईट. भीतीपोटी दोन-तीन महिने स्लिंग वापरली तर खांदा आखडतो, आणि तो मोकळा करणं फार चिकाटीचं काम. तिसऱ्या महिन्यात हात बाहेर थोडा कमी फिरला तर मात्र घाबरू नका, कुणाकडून जोर लावून ताणून घेऊ नका.

ताप, जखमेतून स्राव, हाताला नवा बधिरपणा किंवा 'खट्' होऊन खांदा सरकल्यासारखा वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला दाखवा.