नावात २५०, इंजिन मात्र ३.३ लिटर?

प्रश्न : फेरारी २५० एलएम या साठच्या दशकातल्या शर्यतीच्या गाडीच्या नावातल्या '२५०'चा अर्थ काय? इंजिन तर ३.३ लिटरचं आहे म्हणे! (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बरोबर पकडलंत! २५० म्हणजे एका सिलिंडरचे सीसी. बारा सिलिंडर, म्हणजे ३ लिटर. पहिली गाडी तशीच होती. पुढच्या गाड्यांत सिलिंडर सुमारे २७५ सीसीचा झाला, तेव्हा नाव '२७५' हवं होतं. पण कंपनीचे मालक एन्झो फेरारींना ही गाडी जुन्या २५० जीटीचीच पुढची आवृत्ती म्हणून शर्यतींच्या जीटी गटात (ठरावीक संख्येने बनणाऱ्या गाड्यांच्या गटात) घुसवायची होती. आता जुन्या गाडीचं इंजिन पुढे, हिचं चालकाच्या पाठीमागे, कसली आवृत्ती! नियमाला शंभर गाड्या हव्या होत्या, बनल्या जेमतेम ३२. मान्यता मिळाली नाही, आणि ती प्रोटोटाइपांत, म्हणजे प्रायोगिक गाड्यांच्या गटात, धावली.

गंमत १९६५च्या ल माँची, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीची. फोर्डच्या गाड्या बंद पडल्या, फेरारीच्या कारखान्याच्या गाड्यांना ब्रेकच्या डिस्कनी दगा दिला. पुढे असलेल्या पिवळ्या २५० एलएमचा टायर फुटला आणि जाड भिंगांचा चष्मा लावणारा मास्टेन ग्रेगरी व योखेन रिंट दुसऱ्या, लाल २५० एलएममधून जिंकले. माझ्या टेबलावर त्याच लाल गाडीचं बोटभर मॉडेल आहे. नातवाने मागचं झाकण कधीच तोडलंय. खरी गाडी २०२५मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ३.५ कोटी युरोंना गेली.