त्वचेच्या तक्रारी : वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : जांघेत आणि कमरेवर गोल चट्टे उठतात, प्रचंड खाज येते. मलम लावलं की चार-पाच दिवसांत जातात, बंद केलं की पंधरवड्यात पुन्हा हजर, आणि दरवेळी आधीपेक्षा मोठे. सहा महिने हेच चाललंय. आणखी जोरदार मलम घ्यावं का?

उत्तर : आधी ट्यूबवरचे घटक वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे, आणि घोळ तिथेच आहे. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड एकत्र कालवलेली मलमं सर्रास वापरली जातात. खाज थांबते ती स्टिरॉइडमुळे. लाली उतरते, बरं वाटतं, पण बुरशीशी झगडणारी त्वचेची प्रतिकारशक्तीच दबल्यामुळे नायट्याला (बुरशीने होणाऱ्या या गोल चट्ट्यांना) मोकळं रान मिळतं.

दुसरं नुकसान निदानाचं. नायट्याची कडा लालसर, किंचित उंच आणि खवलेदार असते. मधली त्वचा त्या मानाने निवळलेली. स्टिरॉइड पडलं की ही खूणच पुसली जाते. कडा धूसर होते, खवले जातात, वर्तुळात वर्तुळ दिसू लागतं. मग ते इसब समजून आणखी कडक स्टिरॉइड दिलं जाण्याचा धोका असतो. जांघेतली त्वचा पातळ, त्यामुळे तिथे ताणाचे पट्टे लवकर पडतात आणि ते पूर्णपणे जात नाहीत.

गोल दिसलं म्हणजे नायटाच, असंही नाही. इसबाचा गोल चट्टा मध्येही तितकाच भरलेला असतो आणि बऱ्याचदा पाझरतो. पिटिरायसिस रोझियात आधी एक मोठा चट्टा येतो, एक-दोन आठवड्यांनी पाठ-पोटावर लहान लहान बरेच उठतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत आपोआप जातात. म्हणून शंका असेल तेव्हा खवल्यांची तपासणी करावी. चट्ट्याच्या कडेवरून, मधून नव्हे, बोथट पात्याने खवले खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि १०-१५ मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी पारदर्शक होतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. नवशिक्याला पेशींच्या कडाच धाग्यांसारख्या वाटतात. खरा धागा पेशींच्या सीमा ओलांडून पुढे जातो. तपासणीच्या आधी काही दिवस बुरशीचं मलम लावलेलं असेल तर धागे सापडत नाहीत, तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी काय काय लावलं ते सांगा. ट्यूबच सोबत न्या, नाव आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

उपचार : स्टिरॉइडचं मलम बंद. थांबवल्यावर काही दिवस लाली आणि आग वाढते. बहुतेक जण नेमके तेव्हाच कच खाऊन जुनी ट्यूब पुन्हा उघडतात. केवळ बुरशीनाशक मलम (टर्बिनाफिन, ल्युलिकोनाझोल यांसारखं) चट्ट्याबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. चट्टा गेला तरी पुढे एक-दोन आठवडे लावत राहा. तुमच्यासारखा जुना, पसरलेला आणि स्टिरॉइडने बिघडलेला नायटा मात्र सहसा मलमावर जात नाही; गोळ्या लागतात. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी हल्ली बरीच आढळते (ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही त्यातली सगळ्यात चिवट), तेव्हा इट्राकोनाझोल द्यावं लागतं. त्याच्या नेहमीच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या. सोबत आम्लपित्ताची गोळी घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही. हृदय कमजोर असलेल्यांनी आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं.

पायाची बोटं आणि नखंही तपासून घ्या. बोटांच्या बेचक्यात बुरशी असेल तर अंतर्वस्त्र चढवताना ती पायावरून जांघेत येते. तोवर आधी मोजे आणि मग अंतर्वस्त्र, हा क्रम पाळा. घरात कुणाला खाज असेल तर त्यांचाही उपचार सोबतच करायचा. नाहीतर तुमचा नायटा बरा होतो आणि टॉवेलमधून परत येतो.

प्रश्न : इसबासाठी डॉक्टरांनी ‘पातळ थर लावा’ म्हणून स्टिरॉइड मलम दिलं. पातळ म्हणजे नेमकं किती?

उत्तर : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे एक बोट-माप, साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम बोटांसकट दोन तळहात भरतील एवढ्या जागेला पुरतं. चेहरा आणि मान मिळून अडीच मापं, एका हाताच्या पंजाला दोन्ही बाजूंनी एक, खांद्यापासून मनगटापर्यंत अख्ख्या हाताला तीन, पायाला पावलाशिवाय सहा. सगळ्या पायावर इसब असेल तर रोजचे ३ ग्रॅम झाले, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब पाचच दिवस पुरते. तीच ट्यूब महिनाभर चालली तर औषधाने गुण दिला नाही असं म्हणण्यात अर्थ नाही.

बहुतेक स्टिरॉइड मलमं दिवसातून एकदा पुरतात. चेहरा, पापण्या आणि जांघ इथे सौम्यच लावायचं, उदाहरणार्थ १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन. डोळ्यांभोवती कडक स्टिरॉइड महिनोन्‌महिने लावल्याने काचबिंदू होऊ शकतो. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त नको. इसब आटोक्यात आलं की एकदम बंद न करता दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावं. मॉइश्चरायझरला मात्र हात आखडता घेऊ नका: सगळ्या अंगावर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. ते आणि स्टिरॉइड यांत १५-२० मिनिटांचं अंतर ठेवा.

प्रश्न : घरात चौघांना खरूज झाली. सांगितलेलं मलम दोनदा लावलं, तरी खाज आहेच. औषध बदलायचं का?

उत्तर : दुसऱ्यांदा लावून किती दिवस झाले, यावर उत्तर अवलंबून आहे. खाज येते ती किड्यांच्या विष्ठेची आणि अंड्यांची त्वचेला आलेली अ‍ॅलर्जी म्हणून. किडे मेले तरी ती दोन ते चार आठवडे राहते. या काळात नवे बोगदे (बोटांच्या बेचक्यात, मनगटावर दिसणाऱ्या बारीक, नागमोडी, राखाडी रेघा) उठत नसतील तर उपचार लागू पडलाय, घाई करू नका. पुन्हा पुन्हा परमेथ्रिन (खरजेचं मलम) फासल्याने त्वचा कोरडी पडून वेगळीच खाज सुरू होते आणि ती खरजेचीच वाटत राहते. महिन्यानंतरही नवे फोड येत असतील, तर मात्र कुठेतरी चुकलंय.

कुठे चुकतं, ते ठरलेलं असतं. बहुतेक लोक खाजेल तिथेच मलम लावतात. परमेथ्रिन ५ टक्के हे मानेपासून पावलाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे लावायचं: बेंबीत, काखेत, जननेंद्रियांवर, बोटांच्या मधे, नखं कापून त्यांच्या खाली. लहान बाळांच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावरही, डोळे आणि तोंड वगळून. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर लगेच नको. त्वचा थंड आणि कोरडी हवी. ८ ते १४ तास ठेवायचं, म्हणून रात्री लावणं सोयीचं. मधे हात धुतले तर हातांवर पुन्हा लावा. सात दिवसांनी सगळं परत एकदा, कारण तोवर अंड्यांतून नवे किडे निघालेले असतात.

दुसरी ठरलेली चूक म्हणजे एकाने आज, एकाने रविवारी. पहिल्यांदाच खरूज होणाऱ्याला चार ते सहा आठवडे काहीच खाजत नाही, पण तो इतरांना ती देत असतो. त्यामुळे खाज असो-नसो, एकत्र झोपणाऱ्या आणि राहणाऱ्या सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावायचं. सकाळी कपडे, चादरी, टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाशिवाय किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा टिकत नाही.

घरातल्या वृद्धाच्या हातापायांवर जाड, पिवळट खपल्या असतील तर त्यांना आधी दाखवा. अशा खरजेत खाज कमी आणि किडे हजारोंनी असतात (साध्या खरजेत जेमतेम १०-१५), आणि घरात सगळ्यांना पुन्हा पुन्हा होण्याचं मूळ तिथे असू शकतं. त्यांना मलमासोबत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही लागतात.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाच्या गालावर फिकट डाग आहेत, एक दंडावरही आहे. कोड असेल या भीतीने झोप लागत नाही.

उत्तर : या वयात गालावरचे फिकट, कडा विरलेले, हात फिरवल्यावर किंचित खरखरीत लागणारे डाग बहुधा पिटिरायसिस अल्बाचे असतात. मॉइश्चरायझर आणि उन्हापासून जपणूक एवढंच पुरतं. रंग भरायला काही महिने लागतात. कोडाचा डाग खडूसारखा पांढराफटक, कडा रेखीव, पृष्ठभाग गुळगुळीत. शंका असेल तर वुड्‌स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली) अंधारात पाहतात. तिथे कोड निळसर-पांढरं लखलखतं, बाकीचे फिकट डाग तसे उठून दिसत नाहीत.

दंडावरच्या डागाची मात्र संवेदना तपासायलाच हवी, कारण फिकट आणि बधिर डाग म्हणजे कुष्ठरोग असू शकतो. कापसाला पीळ देऊन बारीक टोक काढा. आधी उघड्या डोळ्यांनी, चांगल्या त्वचेवर टेकवून मुलाला खेळ समजावा. मग डोळे मिटायला सांगा आणि ‘जिथे लागेल तिथे बोट ठेव’ म्हणा. कधी डागावर, कधी डागाबाहेर टेकवा; घासू नका, ठरावीक लयीत नको, नाहीतर मूल अंदाजाने बोट ठेवतं. डागावर वारंवार चुकलं, किंवा तिथे घाम येत नाही, लव गेली असं दिसलं, तर लगेच डॉक्टर गाठा. चेहऱ्यावर ही चाचणी भरवशाची नाही. तिथे मज्जातंतू दाट असल्याने कुष्ठरोगाच्या डागावरही स्पर्श कळतो. घरी सगळं ठीक वाटलं तरी दंडावरचा डाग एकदा डॉक्टरांना दाखवाच. कुष्ठरोग असलाच तरी पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिन्यांच्या एकत्रित औषधांनी तो बरा होतो.

प्रश्न : दोन महिने रोज अंगावर पित्त उठतंय. अ‍ॅलर्जीच्या शंभर तपासण्यांचं पॅकेज करून घेऊ का?

उत्तर : नको. सहा आठवड्यांपेक्षा जास्त रोज उठणाऱ्या पित्तामागे खाण्यातली अ‍ॅलर्जी क्वचितच असते, आणि त्या यादीत ‘पॉझिटिव्ह’ आलेले पदार्थ सोडून माणूस उगाच वाळतो. त्यापेक्षा एका गांधीभोवती (उठलेल्या फुगवट्याभोवती) पेनाने रेघ ओढा आणि वेळ लिहा. २४ तासांत ती गांधी डाग न ठेवता गेली तर साधं पित्त. जास्त टिकली, खाजण्यापेक्षा दुखली, जाताना काळानिळा डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. तिथे बायॉप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी) करावी लागते.

गोळी उठल्यावर नव्हे, रोज घ्यायची. सेटिरिझिन १० किंवा फेक्सोफेनाडिन १८० मिलिग्रॅम अशा गोळीने दोन-चार आठवड्यांत भागलं नाही तर डॉक्टर तीच चौपटीपर्यंत वाढवू शकतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी पित्त भडकतं का, ते पाहा. जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडकला तर गोळीची वाट पाहू नका. ती तातडीची वेळ आहे, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं.

प्रश्न : सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट सुरू केलंय. रविवारची गोळी विसरले तर सोमवार-मंगळवार रोज एक घेऊन भरून काढू का?

उत्तर : अजिबात नाही. हे औषध आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. एक-दोन दिवसांत आठवलं तर तेवढीच गोळी घ्या आणि पुढची ठरल्या रविवारीच. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून द्या. फोलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळ्या वारी घेतात. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळ्या असतात, म्हणून वेगळ्या डब्यांत ठेवा आणि मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर मोठ्या अक्षरात वार लिहा. चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील, तर त्रास होईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.